नव-शापेल : एक फ्रेंच खेडे, एक दगडी स्तंभ आणि नावांचा प्रश्न

१/
उत्तर फ्रान्समधील एका साध्या चौरस्त्यावर सुमारे १५ मीटर उंचीचा दगडी स्तंभ उभा आहे. त्याच्या शिरोभागी कमळ आहे आणि पायाशी दोन वाघ पहाऱ्याला बसले आहेत. स्तंभाच्या खालच्या भागावर इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीबरोबर देवनागरी अक्षरेही कोरली आहेत. भोवताली क्षितिजापर्यंत सपाट शेते पसरली आहेत. सारनाथ किंवा सांचीच्या परिसरात शोभावी अशी ही वास्तू बेल्जियमच्या सीमेजवळच्या चिखलात कशी उभी राहिली, याचे उत्तर शेजारच्या एका लहानशा खेड्याच्या इतिहासात आहे.

२/
त्या खेड्याचे नाव नव-शापेल. पा-द-काले जिल्ह्यात, बेथ्यून आणि आर्मांतिएर या गावांच्या दरम्यान वसलेले हे गाव हजार-दीड हजार वस्तीचे आहे. ‘शापेल’ म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर आणि ‘नव’ म्हणजे नवे. हे फ्रेंच ‘नव’ आणि आपले ‘नव’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन भाषिक मुळातून आलेले आहेत. जवळच ‘व्हिएय-शापेल’, म्हणजे ‘जुने प्रार्थनामंदिर’, या नावाचेही गाव आहे. १९१४ पूर्वी या दोन्ही गावांची नावे पंचक्रोशीबाहेर फारशी कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

३/
या भूभागाची रचना समजल्याखेरीज पुढची कथा समजत नाही. लिस नदीच्या काठचे हे चिकणमातीचे मैदान अत्यंत सखल आहे. हातभर खणले की पाणी लागते. त्यामुळे येथे खोल खंदक खणणे अशक्य होते. सैनिकांना मातीने भरलेली पोती रचून जमिनीवरच भिंती उभाराव्या लागत. गावाच्या पूर्वेला ओबेरचा उंचवटा आहे. आसपासच्या शेतांपेक्षा तो जेमतेम दहा-पंधरा मीटर उंच आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला त्याला टेकडी म्हणणेही जड जाईल. परंतु सपाट मैदानात तेवढी उंची ज्याच्या हाती असते, त्याला शत्रूची प्रत्येक हालचाल दिसते.

४/
ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. सप्टेंबरमध्ये मार्नच्या लढाईत जर्मनांची आगेकूच थांबली आणि दोन्ही सैन्ये एकमेकांना बगल देण्याच्या प्रयत्नात उत्तरेकडे सरकत गेली. ऑक्टोबरमध्ये ही सरकती आघाडी ला बासे आणि आर्मांतिएरच्या परिसरात पोहोचली. ब्रिटनचे व्यावसायिक सैन्य लहान होते आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्याची मोठी हानी झाली होती. नव्या भरतीचे प्रशिक्षण पूर्ण व्हायला अनेक महिने लागणार होते. तोवर आघाडीतील भगदाडे बुजवण्यासाठी प्रशिक्षित, सज्ज फौज साम्राज्यात एकाच ठिकाणी उपलब्ध होती. ती म्हणजे हिंदुस्थानी सैन्य.

५/
मुंबई आणि कराची बंदरांतून निघालेली लाहोर डिव्हिजन सप्टेंबर १९१४ अखेर मार्सेयला उतरली. मेरठ डिव्हिजन तिच्या मागोमाग आली. या दोहोंचे मिळून ‘इंडियन कोअर’ बनले आणि त्याचे नेतृत्व जनरल जेम्स विलकॉक्स यांच्याकडे होते. शिपायांच्या अंगावर उष्ण हवामानातले सुती गणवेश होते आणि हातात नुकत्याच मिळालेल्या नव्या रायफली होत्या. त्यांना सराव होता तो वायव्य सरहद्दीवरच्या डोंगरी लढायांचा. महिन्याभरात ते युरोपातील सर्वांत आधुनिक तोफखान्यासमोर उभे होते.

६/
ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जर्मनांनी नव-शापेल ताब्यात घेतले. याच सुमारास, २७ ऑक्टोबर रोजी, जर्मन तोफखान्याने या भागात एका क्षोभकारक रसायनाने भरलेले सुमारे ३,००० गोळे डागले. डोळ्यांची आणि घशाची आग व्हावी, हा त्यांचा हेतू होता. परिणाम इतका क्षीण झाला की समोरच्या सैन्याला असा काही प्रयोग झाल्याचे कळलेही नाही. विषारी वायूचा इतिहास सामान्यतः एप्रिल १९१५ मधील ईपरपासून सांगितला जातो. त्या इतिहासाचे एक विसरलेले पहिले पान या खेड्याच्या शिवारात लिहिले गेले.

७/
दुसऱ्या दिवशी, २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, गाव परत घेण्यासाठी हल्ला झाला. त्यात ४७ वी शीख पलटण अग्रभागी होती. तिच्याबरोबर थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या होत्या. या सॅपर्सचे मुख्यालय पुण्याजवळ खडकीला होते. आजच्या ‘बॉम्बे सॅपर्स’चे हे पूर्वज. मराठा, शीख आणि मुसलमान शिपाई या दलात खांद्याला खांदा लावून काम करीत. महाराष्ट्राच्या मातीशी नव-शापेलचे थेट नाते जोडले जाते ते याच दिवशी.

८/
सॅपर म्हणजे लष्करी अभियंता. पूल बांधणे, सुरुंग लावणे, तटबंदी उभारणे हे त्याचे काम. त्या दिवशी मात्र पायदळ अपुरे पडल्यामुळे सॅपर्सना संगिनी लावून पायदळासारखे पाठवण्यात आले. उघड्या शेतातून, मशिनगनच्या माऱ्यातून ही तुकडी गावापर्यंत पोहोचली. मग गल्लीगल्लीतून, घराघरातून हातघाईची लढाई झाली. गावाचा बराच भाग त्यांनी जिंकलाही. पण मागून येणारी कुमक पोहोचली नाही. जर्मनांनी प्रतिहल्ला केला आणि जिंकलेली प्रत्येक भिंत सोडून त्यांना मागे फिरावे लागले.

९/
सॅपर्सच्या दोन्ही कंपन्यांतील जवळजवळ सर्व ब्रिटिश अधिकारी त्या दिवशी ठार किंवा जखमी झाले. ही हानी केवळ आकड्यांत मोजण्यासारखी नव्हती. एक प्रशिक्षित सॅपर तयार व्हायला वर्षे लागत, आणि त्याची जागा घेणारा माणूस खडकीहून समुद्रमार्गे यायला अनेक आठवडे लागत. शिवाय हिंदुस्थानी शिपायांची भाषा जाणणारे अधिकारीही मोजकेच होते. युरोपातील दीर्घ युद्धासाठी या सैन्याची रचनाच झालेली नव्हती. नव-शापेलने ही उणीव पहिल्याच महिन्यात उघडी पाडली.

१०/
त्यानंतर हिवाळा आला. पाण्याने भरलेल्या खंदकांत तासन्‌तास उभे राहिल्याने पाय सुजत, काळे पडत आणि कधी कापावे लागत. या काळातील हिंदुस्थानी शिपायांचे मन जाणण्याचे एक विलक्षण साधन इतिहासकारांच्या हाती आले आहे. ते म्हणजे त्यांची पत्रे. फ्रान्समध्ये हिंदुस्थानी टपालासाठी स्वतंत्र सेन्सॉर नेमलेला होता. पत्रांतील उताऱ्यांची इंग्रजी भाषांतरे करून तो वरिष्ठांना नियमित अहवाल पाठवी. ज्यांच्यावर पाळत ठेवायची, त्यांचेच शब्द त्या पाळतीमुळे टिकून राहिले.

११/
शिपायांना आपली पत्रे वाचली जातात हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी सांकेतिक शब्द योजले. ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदुस्थानी फौज आणि ‘लाल मिरची’ म्हणजे गोरी फौज. काळी मिरी संपत आली, असे घरी कळवले की जाणत्याला अर्थ समजे. सेन्सॉरलाही तो समजत असे, म्हणूनच ही उदाहरणे नोंदींत उतरली. अनेक शिपाई स्वतः लिहिणारे नव्हते. ते लेखनिकाला मजकूर सांगत आणि घरी तो दुसऱ्या कुणाकडून वाचला जाई. त्यामुळे ही पत्रे वाचताना एका माणसाच्या आवाजात अनेक हात मिसळलेले आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

१२/
मार्च १९१५ मध्ये ब्रिटिश सेनापतींनी नव-शापेलवर मोठा हल्ला करण्याचे ठरवले. गावाभोवती जर्मन आघाडीला पुढे आलेले एक टोक होते. ते कापायचे, गाव घ्यायचे, तेथून ओबेरचा उंचवटा गाठायचा आणि पुढे लिल शहराला धोका निर्माण करायचा, अशी योजना होती. सूत्रे होती फर्स्ट आर्मीचे सेनापती डग्लस हेग यांच्याकडे. हल्ला करणाऱ्या दोन कोअरपैकी एक ब्रिटिश होते आणि दुसरे हिंदुस्थानी. मूळ विचार फ्रेंचांसह संयुक्त हल्ल्याचा होता. तो फिसकटल्यावर ब्रिटिशांनी एकट्यानेच पुढे जायचे ठरवले.

१३/
तयारीच्या दृष्टीने ही लढाई नव्या युगाची होती. विमानांतून जर्मन खंदकांची छायाचित्रे घेण्यात आली आणि त्यांवरून तपशीलवार नकाशे बनवले गेले. प्रत्येक तोफखान्याला लक्ष्य आणि वेळ नेमून देण्यात आली. रातोरात सैन्य पुढे आणून लपवण्यात आले. छायाचित्र, नकाशा आणि घड्याळ यांच्या आधारे आखलेला हल्ला ही पुढे महायुद्धाची नित्याची पद्धत झाली. तिचा पहिला मोठा प्रयोग या गावावर झाला.

१४/
१० मार्च १९१५, सकाळचे साडेसात. सुमारे ३४० तोफांनी एकाच वेळी मारा सुरू केला. तो अवघी ३५ मिनिटे चालला. इतक्या अरुंद पट्ट्यावर इतका घनदाट तोफमारा ब्रिटिश सैन्याने त्यापूर्वी केला नव्हता. मग तोफांचा रोख गावाच्या पलीकडे वळला आणि पायदळ निघाले. गढवाली, गुरखे आणि त्यांच्या ब्रिगेडमधील ब्रिटिश पलटणी नैर्ऋत्येकडून गावावर चालून गेल्या, तर वायव्येकडून ब्रिटिश डिव्हिजन पुढे सरकली. काही तासांतच नव-शापेल हाती आले. पण हाती आले ते गाव नव्हते, विटांचा ढीग होता.

१५/
याच सकाळी ३९ व्या गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनमधील १९ वर्षांचा रायफलमन गबर सिंह नेगी जर्मन खंदकात शिरला. खंदक नागमोडी असत, म्हणजे प्रत्येक वळणामागे काय आहे ते दिसत नसे. संगीनधारी तुकडीत प्रत्येक वळणावर सर्वांच्या पुढे तो होता. शत्रू मागे हटत गेला आणि अखेर शरण आला. गबर सिंह त्या लढाईत मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. उत्तराखंडातील चंबा येथे त्याचे स्मारक आहे आणि त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी मेळा भरतो. त्याचे नाव नव-शापेलच्या स्मारकावरही आहे, कारण त्याला ज्ञात अशी समाधी नाही.

१६/
त्याच पलटणीच्या पहिल्या बटालियनचे नशीब वेगळे होते. हल्ल्याच्या आरंभीच ती उजवीकडे भरकटली आणि तोफमाऱ्याने न स्पर्शिलेल्या खंदकासमोर जाऊन पोहोचली. काटेरी तारा जशाच्या तशा होत्या. तारांसमोर माणसे पडत गेली. तरीही उरलेल्यांनी खंदकाचा तो भाग घेतला, पण बटालियनचे बहुतेक ब्रिटिश अधिकारी गमावून. दुसऱ्या टोकाला ब्रिटिश पलटणींचीही अशीच गत झाली. तेथल्या खंदकांवर मारा करायच्या तोफा आदल्या रात्रीच पोहोचल्या होत्या आणि त्यांना नेम जुळवायला वेळच मिळाला नव्हता.

१७/
मध्यभागी मात्र जर्मन आघाडीला भगदाड पडले होते. समोर शत्रू विरळ होता आणि ओबेरचा उंचवटा डोळ्यांना दिसत होता. तरीही दुपारपर्यंत फौज जागच्या जागी थांबून राहिली. कारण साधे होते. दूरध्वनीच्या तारा गोळ्यांनी तुटल्या होत्या. निरोप माणसांनी धावत न्यायचा, तो ब्रिगेडकडे, तेथून डिव्हिजनकडे, तेथून कोअरकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत. पुढे जाण्याचा हुकूम आघाडीवर पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. तेवढ्या अवधीत जर्मनांनी मागची फळी भक्कम केली.

१८/
११ मार्चला धुके आणि अपुरी माहिती यांमुळे काहीच साधले नाही. १२ मार्चच्या पहाटे जर्मनांनी मोठा प्रतिहल्ला केला. तो मोडून काढण्यात आला आणि त्यात त्यांचीही प्रचंड हानी झाली. १३ मार्चला लढाई थांबली. गाव आणि त्यापलीकडची सुमारे एक किलोमीटर जमीन एवढेच जिंकले गेले. त्यासाठी ब्रिटिश पलटणींतील सुमारे ७,००० आणि हिंदुस्थानी पलटणींतील सुमारे ४,२०० माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. उंचवटा जर्मनांकडेच राहिला.

१९/
लढाईतून काय शिकावे, याविषयीही मतभेद झाले. आकस्मिकता आणि थोड्या वेळात केलेला तीव्र मारा यामुळे फळी फुटली होती. परंतु अनेकांनी उलटा निष्कर्ष काढला, की अधिक तोफा आणि अधिक दिवस मारा केला तर यश मिळेल. गोळ्यांचा साठा मात्र अपुरा होता. मे १९१५ मध्ये ओबेरवरचा पुढचा हल्ला फसल्यावर ‘गोळ्यांची टंचाई’ हा ब्रिटनमध्ये राजकीय वादळाचा विषय झाला. अॅस्क्विथ यांना संयुक्त सरकार बनवावे लागले आणि लॉइड जॉर्ज यांच्याकडे दारूगोळ्याचे नवे खाते आले.

२०/
१९१५ च्या अखेरीस हिंदुस्थानी पायदळाच्या दोन्ही डिव्हिजन फ्रान्समधून हलवून मेसोपोटेमियाकडे पाठवण्यात आल्या. हिंदुस्थानी शिपायांना थंडी सोसेना म्हणून त्यांना हलवले, असे दीर्घकाळ सांगितले गेले. अलीकडच्या संशोधनाने हे चित्र बरेच बदलले आहे. अधिकाऱ्यांची आणि भरतीची मूळ व्यवस्थाच अपुरी होती, आणि साम्राज्याला पश्चिम आशियातही फौज हवी होती. फौज हवामानामुळे खचली, असे म्हणताना ती उघड्या शेतात दोन-दोनदा कशी वापरली गेली, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

२१/
हिंदुस्थानी पायदळ गेले, पण आघाडी तेथेच राहिली. १९१७ मध्ये या पट्ट्यात पोर्तुगीज सैन्य आले. पोर्तुगाल मार्च १९१६ मध्ये युद्धात उतरला होता. ९ एप्रिल १९१८ च्या पहाटे जर्मनांनी लिसच्या मैदानात प्रचंड हल्ला केला. थकलेल्या, संख्येने अपुऱ्या पोर्तुगीज डिव्हिजनवर त्याचा मुख्य आघात झाला. त्यांची हजारो माणसे एका दिवसात मारली गेली किंवा कैद झाली. शेजारच्या रिशबूर गावात पोर्तुगीज सैनिकांचे स्मशान आहे. त्यात १,८३१ थडगी आहेत.

२२/
या विध्वंसातून नव-शापेलच्या शिवारातला एक क्रूस वाचला. फ्रान्सच्या ग्रामीण भागात रस्त्याच्या कडेला ख्रिस्ताची मूर्ती असलेले क्रूस असतात, जसे आपल्याकडे वेशीवर मारुतीचे देऊळ. या मूर्तीचे पाय तुटले, एक हात गेला, तरी धड उभेच राहिले. पोर्तुगीज सैनिकांनी तिला आपल्या दुःखाचे प्रतीक मानले. युद्धानंतर चाळीस वर्षे ती तेथेच होती. १९५८ मध्ये फ्रान्सने ती पोर्तुगालला दिली. आज ‘खंदकांचा ख्रिस्त’ या नावाने ती बताल्याच्या मठात, अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी आहे.

२३/
आणि ज्यांचे हे गाव, त्यांचे काय? लढायांच्या वर्णनांत ते क्वचितच दिसतात. ते घरे सोडून गेले तेव्हा कापणी आटोपली होती. परतले तेव्हा घर कुठे होते आणि रस्ता कुठे, हेही ओळखू येत नव्हते. १९२० च्या दशकात या पट्ट्यातील गावे पुन्हा बांधली गेली. म्हणूनच येथील लाल विटांची घरे आणि चर्च यांच्यावर जुनेपणाची कळा नाही. उत्तर फ्रान्समध्ये आजही नांगराच्या फाळाला न फुटलेले गोळे लागतात. शेतकरी ते बांधावर ठेवतो आणि सरकारी पथक येऊन घेऊन जाते. याला तेथे ‘लोखंडाचे पीक’ म्हणतात.

२४/
आता पुन्हा त्या स्तंभाकडे. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये मरण पावलेल्या आणि ज्यांची समाधी ज्ञात नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी सैनिक व मजुरांचे हे स्मारक आहे. जागा निवडली ती गावाजवळच्या ‘ला बोंब’ चौरस्त्यावरची, जिला सैनिक ‘पोर्ट आर्थर’ म्हणत. आराखडा हर्बर्ट बेकर यांचा. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या इमारती त्यांच्याच. शिल्पकार चार्ल्स व्हीलर. प्राचीन भारतीय स्तूपांभोवती असते तशा वेदिकेची आठवण देणारे वर्तुळाकार आवार, जाळीदार दगडी कठडे, छत्र्या आणि अशोकस्तंभाची आठवण देणारा स्तंभ, अशी त्याची रचना आहे.

२५/
७ ऑक्टोबर १९२७ रोजी भारतमंत्री लॉर्ड बर्कनहेड यांच्या हस्ते स्मारकाचे अनावरण झाले. मार्शल फॉश आणि कपूरथळ्याचे महाराज उपस्थित होते. उपस्थितांत मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंगही होते. युद्धसमाध्यांच्या आयोगाचे ते साहित्यविषयक सल्लागार होते. त्यांचा एकुलता एक मुलगा जॉन सप्टेंबर १९१५ मध्ये येथून फार दूर नसलेल्या लूस येथे बेपत्ता झाला होता. साम्राज्याचे गोडवे गाणारा हा लेखक त्या दिवशी समाधी नसलेल्यांच्या स्मारकापुढे उभा होता, तो स्वतः अशाच एका मुलाचा बाप म्हणूनही.

२६/
हे स्मारक नीट पाहिले तर त्यातला ताण दिसतो. कमळाच्या वर ब्रिटिश राजमुकुट आणि ‘स्टार ऑफ इंडिया’ आहे. म्हणजे अशोकाच्या स्तंभावर सिंहांच्या जागी साम्राज्य बसले आहे. खाली चार भाषांत ईश्वराच्या एकत्वाचा निर्देश आहे, ज्यात हिंदू, मुसलमान आणि शीख तिघांनाही सामावून घ्यायचा प्रयत्न आहे. पण भिंतीवर आहेत ती माणसांची नावे, पलटणींच्या क्रमाने. खडकीच्या सॅपर्सची नावेही त्यांत आहेत. खेड्यातून निघालेल्या शिपायाचे पूर्ण नाव दगडात कोरले जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

२७/
ती किती मोठी गोष्ट होती, हे मेसोपोटेमियाकडे पाहिल्यावर कळते. मराठा पलटणींचे मोठे बलिदान झाले ते तेथे. पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी झालेल्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. त्या आघाडीवर मेलेल्यांसाठी बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. सामान्य हिंदुस्थानी शिपायांसाठी मात्र पलटणीचे नाव आणि मृतांची संख्या एवढेच लिहिले गेले.

२८/
एकच साम्राज्य, एकच सैन्य, एकच आयोग. मग फ्रान्समध्ये मेलेल्या शिपायाला नाव आणि बसऱ्यात मेलेल्याला आकडा, हे का? २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतः नेमलेल्या समितीच्या अहवालात याचे उत्तर दिले. मृत्यूनंतर सर्वांना समान वागणूक, हे आयोगाचे घोषित तत्त्व युरोपात पाळले गेले. आशिया आणि आफ्रिकेत ते अनेकदा पाळले गेले नाही, आणि त्यामागे वंशभेदाचे पूर्वग्रह होते. अहवालानंतर आयोगाने जाहीर माफी मागितली.

२९/
म्हणूनच नव-शापेलचे महत्त्व केवळ एका लढाईपुरते नाही. येथली भिंत हा पुरावा आहे. शिपायांच्या नावांच्या याद्या मिळत नव्हत्या, ती लिहिणे अवघड होते, त्यांच्या समाजाला अशा स्मारकांची गरज वाटत नव्हती, अशी जी कारणे अन्यत्र दिली गेली, ती या भिंतीपुढे टिकत नाहीत. येथे नावे मिळाली, लिहिली गेली आणि टिकली. जे एका चौरस्त्यावर शक्य झाले, ते दुसरीकडे अशक्य नव्हते.

३०/
एप्रिल २०१५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी या स्मारकाला भेट दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने फ्रान्स आणि बेल्जियममधील पहिल्या महायुद्धाच्या १३९ समाधी व स्मृतिस्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत या स्मारकाचाही समावेश आहे. ज्या खेड्यात शतकापूर्वीची एकही भिंत धड उरली नाही, त्याच्या वेशीवर आज जागतिक वारसा आहे, आणि तो घडवणारी माणसे गढवाल, पंजाब, नेपाळ, महाराष्ट्र आणि पोर्तुगालमधून आलेली होती.

३१/
शेवटी एक छोटी नोंद. काटेकोरपणे पाहिले तर ‘नव-शापेल स्मारक’ नव-शापेलच्या हद्दीत नाही. चौरस्ता शेजारच्या रिशबूर गावात मोडतो. नाव मात्र चिकटले ते नव-शापेलचेच, कारण तेच नाव पत्रांतून घरी गेले होते आणि तेच गढवाल रायफल्सच्या युद्धसन्मानांत कोरले गेले. खडकीहून निघालेले सॅपर्स या गावात पोहोचले ते २८ ऑक्टोबर १९१४ च्या त्या एका दिवसापुरते. त्यांच्यापैकी जे परतले नाहीत आणि ज्यांची समाधी सापडली नाही, त्यांची नावे तेथे आजही वाचता येतात.